दार उघडलं, हजेरी कुठे लागली?

पगाराच्या आठवड्यात टाइम ऑफिसवाल्याइतकी बोलणी कुणी खात नसेल. चाकणच्या ज्या कारखान्यात मी हजेरी सांभाळायचो, तिथे मस्टर जाऊन प्रॉक्सिमिटी कार्डं आली तेव्हा आता कटकट मिटली असं सगळे म्हणाले. उलट ती वाढली.

पुरवठादाराने दाराची यंत्रणा हजेरीची म्हणून गळ्यात मारली होती. पहिल्या पाळीची बस लागली की एकजण कार्ड टेकवायचा आणि त्याच्यामागून चौघे आत. पावसात तर दार मिटायचंच नाही. त्या चौघांचा फक्त 'आउट' पंच सापडायचा, आणि सॉफ्टवेअर सरळ हाफ डे लावायचं. मग कंत्राटी कामगाराने सुपरवायझरच्या सहीसाठी वणवण करायची. हजेरी मोजायची तर एका वेळी एकालाच सोडणारं टर्नस्टाइल लागतं. साधं दार त्या कामाचं नाही. आणि पंच चुकला तर दुरुस्ती कोण, किती दिवसांत करणार हे कार्डं वाटण्याआधीच ठरवा.

दुसरी डोकेदुखी घड्याळांची. दोन गेटचे कंट्रोलर सात मिनिटांनी मागेपुढे, म्हणजे कुठल्या गेटने आलात यावर लेट मार्क! सगळी घड्याळं सर्व्हरवरून रोज जुळवली जातात का, हे विकत घेतानाच विचारा.

आता खुद्द कार्ड. १२५ किलोहर्ट्झचं स्वस्त कार्ड रीडर दिसला की आपला ठरलेला नंबर उघडपणे सांगून टाकतं. किल्ल्या करून देणारेही त्याची नक्कल काढून देतात. १३.५६ मेगाहर्ट्झचं घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. त्यातल्याच मायफेअर क्लासिक कार्डाची सुरक्षा नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्येच मोडून दाखवली. एईएस कूटलेखन वापरणारं डेसफायर कार्ड मागा. त्यातही गंमत अशी की महागडं कार्ड देऊन रीडर मात्र त्याचा नुसता नंबर वाचेल असा बसवतात. मग जास्तीचे पैसे वाया. कार्डाची पडताळणी कूटलेखनाच्या गुप्त चावीने होते, असं लेखी घ्या. मित्राचं कार्ड टेकवणाऱ्याला मात्र यातलं काहीच अडवत नाही. तिथे गेटवरचा कॅमेरा आणि स्क्रीनवर दिसणारा फोटो बघणारा वॉचमनच कामाला येतो.

फायर ड्रिलचं मात्र कुणीच सांगत नाही. सायरन वाजला की चुंबकी कुलपं सुटतात, सुटायलाच हवीत. माणसं पंच न करता मैदानात धावतात आणि सिस्टिम त्यांना आतच दाखवत राहते. आमच्याकडे अग्निशमनवाल्यांनी आत किती जण आहेत विचारलं, तेव्हा संगणकाचा आकडा आणि समोर उभी माणसं यांचा मेळच लागेना. तेव्हापासून प्रत्येक विभागाची यादी कागदावर गेटच्या केबिनमध्ये असायची. रात्रपाळीची यादी पाळी बदलताच नवी ठेवा, आणि मैदानात माणसं मोजायचं काम विभागप्रमुखाच्या नावावर लावा.