घरच्या स्पीकरला ॲम्प्लिफायर केवढा?

यवतमाळचा दुर्गोत्सव दूरवर प्रसिद्ध आहे. नवरात्रात चौकाचौकांत ध्वनिवर्धक गाजत असतात. ते ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते, की जितके वॅट जास्त तितका आवाज मोठा, आणि जितका मोठा तितका चांगला. मग घरच्या टीव्हीला स्पीकर जोडायचे ठरले, की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, "किती वॅटचा आहे?" हा प्रश्न विचारायलाच हवा, पण त्याआधी आणखी एक आकडा पाहायला हवा. तो पाहिला नाही तर पैसे वाया जातात आणि कधी कधी यंत्रही जळते.

ओहमचा आकडा

टीव्हीकडून येणारा ध्वनिसंकेत फार दुबळा असतो. त्याला स्पीकरचा कागदी शंकू हलवता येत नाही. ॲम्प्लिफायर, म्हणजे प्रवर्धक, वीजपुरवठ्यातून शक्ती घेतो आणि त्या संकेताच्या बरहुकूम ती स्पीकरच्या तारेच्या वेटोळ्यात सोडतो.

स्पीकरच्या मागे ८ ओहम, ६ ओहम किंवा ४ ओहम असे लिहिलेले असते. हा त्याचा संरोध, म्हणजे बदलत्या विद्युत् प्रवाहाला होणारा अडथळा. समजा, ॲम्प्लिफायर २० व्होल्टचा दाब देत आहे. ओहमच्या नियमाप्रमाणे ८ ओहमच्या स्पीकरमधून २० ÷ ८ = २.५ अँपिअर प्रवाह वाहील आणि शक्ती होईल २० × २.५ = ५० वॅट. त्याच जागी ४ ओहमचा स्पीकर जोडला तर प्रवाह ५ अँपिअर आणि शक्ती १०० वॅट! शक्ती दुप्पट झाली, पण ॲम्प्लिफायरवरचा भारही दुप्पट झाला.

आता एक चूक पाहा. आवाज वाढावा म्हणून कोणी ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीला समांतर जोडतो. दोघांचा मिळून संरोध ४ ओहम होतो. ॲम्प्लिफायरवर 'किमान ८ ओहम' असे लिहिलेले असेल, तर त्याला न झेपणारा प्रवाह द्यावा लागतो आणि तो तापतो.

मे महिन्यातील परीक्षा

तापलेला ॲम्प्लिफायर आपली उष्णता धातूच्या पट्ट्यांमार्फत हवेला देतो. ही उष्णता किती वेगाने जाईल, हे पट्ट्या आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पट्ट्या ६० अंशांवर आहेत असे समजू. हिवाळ्यात खोलीत २० अंश असतील, तर फरक ४० अंशांचा. मे महिन्यात विदर्भात खोलीतच ४० अंश झाले, की फरक उरतो २० अंशांचा. म्हणजे उष्णता जवळजवळ निम्म्याच वेगाने बाहेर पडते! म्हणून आपल्याकडे ॲम्प्लिफायर बंद कपाटात कोंबू नये, त्यावर कापड घालू नये, आणि वर व बाजूंना मोकळी जागा ठेवावी.

वॅट आणि आवाज

आता वॅटकडे वळू. स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनक्षमता दिलेली असते. उदाहरणार्थ ८८ डेसिबेल. याचा अर्थ, १ वॅट दिला असता १ मीटर अंतरावर ८८ डेसिबेलचा आवाज. आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबेलचे असते. म्हणजे एक वॅटही काही थोडा नव्हे!

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबेलने वाढतो. दहापट केले तर १० डेसिबेलने, आणि तेव्हा कुठे तो कानाला साधारण दुप्पट वाटतो. ५० वॅटऐवजी १०० वॅटचा ॲम्प्लिफायर घेतला, तर फरक जेमतेम कळेल. उलट ८८ ऐवजी ९१ डेसिबेलचा स्पीकर निवडला, तर तेवढाच फायदा ॲम्प्लिफायर न बदलता मिळतो.

मग मोठा ॲम्प्लिफायर निरुपयोगी का? तसेही नाही. चित्रपटात मेघगर्जना किंवा नगारा क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट शक्ती मागतो. ती देता आली नाही, तर ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. अशा छाटलेल्या लहरीत उच्च कंप्रतेचे जादा स्वर निर्माण होतात. ते बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरकडे जातात आणि त्याचे नाजूक वेटोळे जाळू शकतात. म्हणजे अपुरा ॲम्प्लिफायर पूर्ण ताणून वाजवला, तर मोठ्या स्पीकरलाही धोका असतो. आवाज फाटू लागताच तो कमी करावा.

खोक्यावरचे मोठे आकडे

काही खोक्यांवर हजारो वॅटचा 'पीएमपीओ' आकडा छापलेला असतो. तो क्षणभराचा, कल्पनेत ताणलेला आकडा होय. खरे काय ते यंत्राच्या मागच्या पट्टीवर पाहा. यंत्र विजेच्या जोडणीतून ६० वॅट घेत असेल, तर ते सतत ६० वॅटपेक्षा जास्त देऊ शकणार नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जाहिरातीलाही लागू आहे! 'आर.एम.एस.' हा आकडा विचारावा, आणि तो सर्व स्पीकर एकदम वाजत असतानाचा आहे की एकाच स्पीकरचा, हेही विचारावे.

शेवटी कानांचा विचार. ८५ डेसिबेलच्या आवाजात दिवसाला आठ तासांहून अधिक राहणे धोक्याचे मानतात, आणि दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबेलला ती उरते अवघी पंधरा मिनिटे. जळालेला ॲम्प्लिफायर दुरुस्त होतो. कानातील मेलेल्या संवेदी पेशी पुन्हा उगवत नाहीत.

करून पाहा

१. घरातील किंवा शाळेतील स्पीकर व ॲम्प्लिफायर यांच्यावरील ओहमचे आकडे वहीत लिहा. ते जुळतात का? (यंत्राचे झाकण मात्र उघडू नका.)

२. ८ ओहमचे चार स्पीकर आहेत. एकूण संरोध ८ ओहमच राहील अशी जोडणी काढून दाखवा.

(उत्तर : दोन-दोन स्पीकर एकसर जोडा. प्रत्येक जोडी १६ ओहमची होईल. मग त्या दोन जोड्या समांतर जोडा.)