आधी लॉट नंबर, मग रंग

भाचीच्या बाळासाठी मोरपिशी ब्लँकेट विणायचं म्हणून लोकर ऑनलाइन मागवली. रात्री दिव्याखाली सगळे गुंडे सारखेच वाटले. अर्ध्याहून जास्त विणून झाल्यावर भर दुपारी गॅलरीत उलगडलं, तर मधोमध सरळ रेघ: खाली निळसर, वर हिरवट. एकाच पाकिटात दोन लॉटची लोकर आली होती, आणि गुंडे उघडले म्हणून विक्रेत्याने ती परत घेतली नाही.

लोकर रंगवताना दर खेपेला रंगात थोडा फरक पडतोच. वेष्टनावर शेड नंबर तोच असेल, पण लॉट नंबर वेगळा असला की स्वेटरची पाठ आणि बाह्या जुळत नाहीत. म्हणून पार्सल आलं की आधी सगळ्या वेष्टनांवरचे लॉट पडताळा. दोन लॉट गळ्यात पडलेच, तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या अशा विणत जा. रेघ पुष्कळ लपते.

हा त्रास पुण्याच्या बोहरी आळीतल्या किंवा तुमच्या गावातल्या दुकानात टळतो. गुंडे दारापाशी उजेडात नेऊन बघता येतात, लोकर गळ्यावर घासून बघता येते. तान्ह्या बाळासाठी तर न हाताळता लोकर घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय ओळखीचा दुकानदार त्याच लॉटचे दोन गुंडे बाजूला काढून ठेवतो.

‘मिल्क कॉटन’ या नावावर जाऊ नका, त्यात बऱ्याचदा ॲक्रिलिक मिसळलेलं असतं. शंका आली तर धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक काळा मणी होतो.

सुयांचं तर विचारूच नका. आपल्या दुकानांत जुने इंग्लिश नंबर चालतात, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबरांचं नेमकं उलटं. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, त्यांची 5 मिलिमीटरची. आपली 10 नंबरची 3.25, त्यांची 6. एवढ्या फरकाने बाळाचा स्वेटर थोरल्या भावाला होईल. ऑर्डर देताना मिलिमीटरच बघा.

गोल सुया, मेरिनो, वेगळ्या छटा लहान गावात मिळत नाहीत, तिथे ऑनलाइनचा मोठाच आधार आहे. मात्र आधी एकच गुंडा मागवा. त्याचा 10 सेंटिमीटरचा चौकोन विणून धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. पसंत पडला तर लागेल तेवढी लोकर एकदम, एकाच लॉटची मागवा आणि लॉटचा फोटो आधी मागून घ्या. नमुन्याचा गुंडा बहुधा वेगळ्या लॉटचा निघेल. त्यातून टोपरं किंवा मोजे विणा.