काठी टाकली तर साप पळतो

मुलांनो, हा संगणकाचा खेळ नुसत्या अक्षरांचा. एकही चित्र नाही. अमेरिकेतले विल क्राउदर गुहांत हिंडत. मुली त्यांच्यापासून दूर होत्या. त्यांना खेळायला म्हणून त्यांनी १९७६ च्या सुमारास ‘ॲडव्हेंचर’ केला. त्यातली गुहा केंटकीतल्या खऱ्या गुहेसारखी आहे.

संगणक लिहितो, वाटेत साप आहे. काय करायचे ते आपण एकदोन शब्दांत लिहायचे. मारून साप मरत नाही. पक्षी सोडला की पळतो. पण हातात काठी असली तर पक्षी बिचकतो, सापडतच नाही! आमच्याकडे साप निघाला की आधी काठीच शोधतात.

१९७७ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेतल्या डॉन वुड्स यांनी खेळ वाढवला. तरी त्याला ठरलेलेच शब्द कळायचे. २०१९ च्या ‘एआय डंजन’मध्ये आपण काहीही लिहावे, संगणक पुढची गोष्ट रचतो. त्यात साप काठीने मरेलसुद्धा.