खो-खो व त्याचे मैदान : एक अभ्यास

शाळेचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे इमारतीची पायाभरणी, मुख्याध्यापकांची नामावली व परीक्षांचे निकाल यांची नोंद आपण आवर्जून करतो. मैदानाची नोंद मात्र क्वचितच होते. वास्तविक पाहता वर्गात शिकलेले पुष्कळसे विसरले जाते, पण मैदानावर शिकलेले अंगात मुरते. म्हणून या लेखात आपल्या महाराष्ट्राच्या एका खेळाचा व त्याच्या मैदानाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

शाळेच्या मैदानास केवढे महत्त्व येऊ शकते याचे ठळक उदाहरण जपानचे होय. बेसबॉल हा मूळचा अमेरिकेचा खेळ. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ च्या सुमारास तो टोकियोतील आपल्या विद्यार्थ्यांस शिकविला. पुढे १९१५ साली तेथील माध्यमिक शाळांचे देशव्यापी सामने टोयोनाका येथील मैदानावर सुरू झाले. प्रेक्षक मावेनात म्हणून १९१७ साली ते नारुओ येथे नेले. तेथेही गर्दी आवरेना, तेव्हा १९२४ साली कोशिएन नावाचे भव्य क्रीडागार उभारण्यात आले. आजही हायस्कुलांचे सामने तेथेच होतात, आणि हरलेल्या संघांची मुले त्या मैदानाची मूठभर माती आठवण म्हणून घरी नेतात. एका शिक्षकाने लावलेले रोप असे वाढले.

आपल्या खो-खोची कथाही शाळा व आखाडे यांच्या आश्रयानेच वाढलेली आहे. पूर्वी हा खेळ गावोगावी निरनिराळ्या रीतीने खेळत. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधून दिले, आणि एका गावच्या मुलांस दुसऱ्या गावच्या मुलांशी तंटा न करता खेळता येऊ लागले. १९१९ साली मैदान लंबवर्तुळाकार असून मधली रेषा ४४ वार लांब होती. १९२३-२४ च्या सुमारास आंतरशालेय सामन्यांत खो-खोचा समावेश झाला. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० साली विजयवाडा येथे झाली.

आता मैदानाकडे वळू. ४४ वार म्हणजे सुमारे ४० मीटर. पुढे मैदान आयताकृती झाले, त्याची लांबी काही काळ २९ मीटर होती, व आजच्या रूढ नियमांप्रमाणे ती २७ मीटर आणि रुंदी १६ मीटर आहे. मध्यभागी ३० सेंटिमीटर रुंदीची २४ मीटर लांब पाटी असते. पाटीच्या दोन टोकांस दोन गुळगुळीत खांब, व खांबांच्या दरम्यान आठ लहान चौकोन. या चौकोनांत आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात; नववा धावतो. विरुद्ध पक्षाचे तीन-तीन गडी आत येतात व नऊ मिनिटांपर्यंत स्वतःस वाचवितात.

या खेळाचे सर्व मर्म एका बंधनात आहे. पळणाऱ्यास मधली पाटी हवी तेव्हा ओलांडता येते. पाठलाग करणाऱ्यास ती ओलांडता येत नाही, व एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत गेल्यावाचून बदलता येत नाही. म्हणजे एकटा गडी कितीही वेगवान असला तरी हुशार पळणाऱ्यापुढे तो लंगडाच. उपाय एकच : पलीकडे तोंड करून बसलेल्या सोबत्यास मागून ‘खो’ द्यावा व स्वतः त्याच्या जागी बसावे. जो ‘आणखी थोडे मीच धावतो’ म्हणून हट्ट धरतो, तो आपल्या पक्षाची मिनिटे वाया घालवितो. तसेच जो बसला आहे त्यास विश्रांती नाही. केव्हा पाठीवर हात पडेल याचा नेम नसल्याने त्यास सदैव सावध असावे लागते.

थोडे गणित करून पाहू. खो-खोच्या मैदानाचे क्षेत्रफळ २७ गुणिले १६, म्हणजे ४३२ चौरस मीटर. बेसबॉलच्या चौकोनाची एकच बाजू ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर असते; आपले सबंध मैदान लांबीने तिच्याहून किंचित आखूड भरते! शिवाय त्या खेळात चेंडू दूर जाण्यास किमान २५० फुटांचा पल्ला मोकळा हवा. तेवढ्या त्रिज्येचे नुसते चतुर्थांश वर्तुळ धरले तरी सुमारे ४,५६० चौरस मीटर जागा लागते. तीत खो-खोच्या दहा मैदानांएवढे क्षेत्र सामावेल. त्या खेळास फळी, चेंडू व हातमोजे लागतात. यास दोन खांब व टोपलीभर फक्की पुरे.

हे गणित वाकडच्या रहिवाशांस विशेष लागू आहे. म्हातोबाचे हे मुळाकाठचे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. शेजारी हिंजवडीचे उद्योग वाढले, आणि जेथे पिके डोलत तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या. नदीपलीकडे बालेवाडीस १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांकरिता बांधलेले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. तेथेच २०२२ साली अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक स्पर्धेचे पहिले पर्व गादीवर खेळले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली, व भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून विजेतेपद मिळविले. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

परंतु जगज्जेते क्रीडासंकुलात जन्मत नाहीत. ते शाळेच्या अंगणात घडतात. भव्य क्रीडागार नदीपलीकडे असून घराजवळ धावावयास जागा नसेल, तर मुलांच्या वाट्यास नुसते पाहणेच येईल. पालकांस आमची विनंती अशी की, पाल्यासाठी शाळा पाहताना वर्गखोल्यांबरोबर मैदानही पाहावे, आणि ४३२ चौरस मीटर मोकळी जागा वाहने उभी करण्यास द्यावी की मुलांस, असा प्रश्न पुढे आला म्हणजे मुलांच्या बाजूने बोलावे. एकदा बांधकामाखाली गेलेली जमीन पुन्हा मैदान होत नाही.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे :

१. दोरी व मापपट्टी घेऊन २७ मीटर व १६ मीटर बाजूंचा आयत आखा. कोपरे काटकोनी झाले की नाही हे ३, ४ व ५ मीटरांच्या त्रिकोणाने तपासा.

२. आपल्या शाळेच्या आवारात अशी किती मैदाने बसतील ते मोजून लिहा.

३. घरातील वडील मंडळी कोणत्या जागी खेळत व तेथे आज काय आहे, हे विचारून टिपून ठेवा. गावाच्या मैदानांचा इतिहास अशाच टिपणांतून तयार होईल.