पावसाळ्यात खिडक्यांच्या काचा धुणाऱ्यांसाठी

भाताची रोपलावण आटोपली की आपल्या बेळगाव-खानापूर भागातील पुष्कळ तरुण सुगीपर्यंत गोव्याकडे किंवा शहरात मजुरीला जातात. हॉटेले, दवाखाने, बँका यांच्या इमारतींना आता काचाच काचा असतात, व त्या धुण्याचे काम सहज मिळते. काम दिसायला हलके आहे. पण ते उंचावरचे आहे, आणि आपल्या मुलांच्या वाट्याला ते नेमके पावसात येते. म्हणून या वेळी पिकांचा विषय बाजूला ठेवून आम्ही शिडीविषयी लिहीत आहोत. ८ सप्टेंबरच्या मरियामातेच्या जन्मोत्सवाआधी आपल्याच चर्चच्या उंच खिडक्या पुसायला जे चढतात, त्यांनाही हे लागू आहे.

पावसात काचा धुऊन काय उपयोग, असे बरेच जण म्हणतात. खरे पाहता पावसाचे पाणी बरेचसे स्वच्छ असते. काचेवर ओघळ व डाग उठतात ते आधी बसलेल्या धुळीमुळे. नीट धुतलेल्या काचेवर रिमझिम पडली तरी ती फारशी मळत नाही. तेव्हा काचेला पावसाची अडचण नाही. अडचण आहे ती पायाखाली. सकाळी कामावर गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा की, आजचे काम जमिनीवर उभे राहून होईल का? लांब दांड्याला ब्रश व रबरी पट्टी लावली की खालचे एकदोन मजले शिडीवाचून धुता येतात. झड लागली की शेतकरी घरात बसून दावी वळतो, अवजारे नीट करतो. त्याचप्रमाणे मुकादमाला सांगावे, "आज आतल्या बाजूच्या काचा घेतो, बाहेरच्या उघडीप झाल्यावर." शहाणा मुकादम हे ऐकतो. जो ऐकत नाही, त्याच्याकडची एक दिवसाची मजुरी बुडाली तरी बुडू द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनीही मुलाला हे निघतानाच सांगून ठेवावे. नाहीतर परक्या गावात त्याला नाही म्हणण्याचा धीर होत नाही.

शिडी लावावीच लागली तर तिचा कल पाहावा. वर चार फूट तर खाली एक फूट, हे प्रमाण लक्षात ठेवावे. शिडी बारा फुटांवर टेकत असेल तर तिचे पाय भिंतीपासून तीन फूट बाहेर असावेत. फार उभी लावली तर माणूस मागे कोसळतो, फार पसरून लावली तर पाय सरकतात. ओल्या मातीत शिडीचा एक पाय हळूहळू रुततो व वरच्या माणसाला ते कळतही नाही. म्हणून खाली रुंद फळी घालावी. गुळगुळीत फरशीवर तर अधिकच जपावे. शिडीच्या पायांचे रबर झिजलेले असेल तर ती शिडी लावूच नये. खाली गोणपाट घालून भागते असे समजू नये, कारण भिजलेले गोणपाट शिडीसकट घसरते. शिडी बांधून घ्यावी. बांधायला जागा नसेल तर खाली एक जण ती धरून उभा राहावा, आणि त्याने तिथेच राहावे, बिडी ओढायला जाऊ नये! काचेवर शिडी कधीही टेकवू नये. बाजूच्या भिंतीवर टेकवावी.

चप्पल घालून किंवा अनवाणी चढू नये. खाचा असलेल्या रबरी तळाचे बूट हवेत, व चढण्यापूर्वी त्यांचा चिखल खरवडून काढावा. साबणाचे पाणी ओघळून शिडीच्या पायऱ्यांवर येते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. साबण बेताचाच घ्यावा. बादली हातात घेऊन न चढता दोरीने वर ओढून आकडीला अडकवावी, म्हणजे चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. आणि हात पोचत नाही म्हणून वाकू नये. आपली बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या आत राहिली पाहिजे. ती बाहेर गेली की खाली उतरून शिडी सरकवायची वेळ झाली. हे सर्वांत कंटाळवाणे काम आहे, आणि माणसे पडतात ती बहुधा हा कंटाळा केल्यामुळे.

विजेच्या तारांपासून शिडी व दांडा निदान दहा फूट दूर ठेवावा. अॅल्युमिनियममधून वीज जाते हे सर्वांना ठाऊक आहे, पण भिजलेल्या बांबूतूनही ती जाते. खांबावरून घरात येणाऱ्या जुन्या तारेचे आवरण उन्हाने तडकलेले असते, म्हणून त्यावर विश्वास ठेवू नये. मेघगर्जना ऐकू आली की लगेच उतरावे व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पाऊस नसला तरी जोराच्या वाऱ्यात चढू नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर किंवा शेवाळलेल्या छज्जावर पाय देऊन काच गाठण्याचा मोह टाळावा.

उंच इमारतीवर दोराने लटकून करायचे काम वेगळे शिक्षण घेतल्याशिवाय पत्करू नये. नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही. खांद्यांवरून व मांड्यांभोवती येणारा पूर्ण पट्टा, आणि त्याचा दोर पक्क्या ठिकाणी बांधलेला, असे हवे.

ज्यांना फीट येते, चक्कर येते किंवा ज्यांनी आदल्या रात्री दारू घेतली आहे, त्यांनी चढू नये. उपाशीपोटीही नको. भिजून कुडकुडत असताना बोटांची पकड सैल होते. कोरडे कपडे सोबत ठेवावेत. दिवसभर साबणात राहून हातांना भेगा पडतात, त्यासाठी रबरी हातमोजे वापरावेत व रात्री खोबरेल लावावे.

कोणी पडलाच तर त्याला बगलेत धरून उठवू नये. मान किंवा पाठीचा मणका दुखावला असल्यास हलवण्याने हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. डोके व मान आहे तशीच स्थिर धरावी, अंगावर कोरडे पांघरूण घालावे व १०८ क्रमांकाला फोन करावा. शॉक लागला असेल तर आधी मुख्य बटण बंद करावे, मगच त्याला हात लावावा. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी जोराने व भरभर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दाबत राहावे. डोक्यावर पडलेला माणूस उठून "मला काही झाले नाही" म्हणाला तरी एक दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला की रात्र असली तरी दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.