टिरिटिरी माटांगी : श्रमदानातून उभे राहिलेले अरण्य

गेल्या पावसाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर रोपे लावली. उत्साह दांडगा होता, छायाचित्रेही निघाली. वैशाखात सहज तिकडे गेलो, तर खड्डे जागच्या जागी होते. रोपे मात्र बहुतेक गेली होती. लावणारे पुष्कळ होते, पाणी घालणारा कुणीच नेमलेला नव्हता. त्यानंतर भूगोलाच्या अभ्यासासाठी वाचताना न्यूझीलंडमधील एका बेटाची हकीकत हाती आली. ती आपल्या विद्यार्थी-बंधुभगिनींपुढे ठेवावीशी वाटते.

ऑकलंड शहराच्या उत्तरेस, हाउराकी आखातात टिरिटिरी माटांगी नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे २२० हेक्टर. मूळच्या माओरी वस्तीनंतर युरोपीय लोकांनी येथे गुरे-मेंढ्या चारल्या आणि जवळजवळ सारे रान उजाड केले. ओढ्यांच्या घळीत तेवढी थोडी झाडी उरली. १९७१ मध्ये शेतीचा पट्टा संपला आणि हे सरकारी बेट सागरी उद्यानात आले. गुरे हलली की जंगल आपोआप परतेल, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. गवत आणि नेचे इतके माजले की बियांना माती मिळेना, आणि ज्या बिया मिळत त्या किओरे नावाचे उंदीर फस्त करीत.

तेव्हा ऑकलंड विद्यापीठातील जॉन क्रेग आणि नील मिचेल यांनी एक वेगळाच विचार मांडला. दुर्मिळ पक्ष्यांचे बेट म्हटले की माणसांना मज्जाव, हा तेथील रिवाज. जवळच्याच हाउतुरू बेटावर आजही परवान्यावाचून उतरता येत नाही. यांचे म्हणणे असे, की हे बेट सर्वांना खुले ठेवावे आणि झाडेही सामान्य नागरिकांनीच लावावीत. मला या साऱ्या हकीकतीत हाच निर्णय सर्वांत धाडसाचा वाटतो. सहलीला येणाऱ्या माणसाच्या हाती कुदळ देणे सोपे नाही!

१९८४ ते १९९४ या दहा वर्षांत स्वयंसेवकांनी अडीच ते तीन लाख झाडे लावली. शाळकरी मुले, निवृत्त माणसे, गिर्यारोहक मंडळी होडीने येत, दिवसभर राबत आणि संध्याकाळी परतत. रोपे बेटावरच्याच रोपवाटिकेत वाढविली जात. ती सांभाळणारे रे वॉल्टर हे तेथील दीपगृहाचे शेवटचे रखवालदार. दीपगृह स्वयंचलित झाल्यावर ते पत्नी बार्बरा यांच्यासह बेटाचेच रक्षक होऊन राहिले. सारे बेट झाडांनी भरले नाही. काही भाग मुद्दाम गवताळ ठेवला. ताकाहे हा न उडणारा, निळा-हिरवा पक्षी गवतावर जगतो. तो नामशेष झाला अशीच समजूत होती. १९४८ मध्ये तो दक्षिण बेटावर पुन्हा सापडला. १९९१ मध्ये ताकाहे टिरिटिरीवर आणले. १९९३ मध्ये किओरे उंदरांचा नायनाट झाला, १९९५ मध्ये हिही आले आणि १९९७ मध्ये कोकाको.

लावणीचे पर्व येथे संपते, आणि माझ्या दृष्टीने खरा अभ्यासाचा भाग येथून सुरू होतो. नव्या रानात हिहीला घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोली कोठून मिळणार? म्हणून लाकडी पेट्या टांगल्या. त्या तपासाव्या आणि साफ कराव्या लागतात. साखरपाण्याची भांडी धुऊन भरावी लागतात, पायवाटांवर वाढलेली झाडी छाटावी लागते, बाहेरचे तण उपटावे लागते. उंदीर पुन्हा शिरू नये म्हणून येणाऱ्याने पिशव्या तपासायच्या, बूट स्वच्छ करायचे. एवढी दक्षता घेऊनही २००० मध्ये अर्जेंटिनी मुंग्या बेटावर आढळल्या आणि त्यांच्यामागे वर्षानुवर्षे लागावे लागले. या कामात सरकारी संवर्धन खात्याला साथ देणारी नागरिकांची संस्था १९८८ मध्ये निघाली. तिचेच स्वयंसेवक पाहुण्यांना बेट दाखवितात आणि त्याचे शुल्क बेटाच्याच कामी येते.

चुकाही झाल्या. इतर झाडांना आसरा म्हणून लावलेला पोहुतुकावा अपेक्षेपेक्षा फारच जगला. त्याच्या दाट सावलीत खाली दुसरे काही उगवेना. पुढे तो विरळ करण्याची वेळ आली. कष्टाने लावलेले झाड तोडायचे म्हणजे मनाला किती लागत असेल! परंतु वरचेवर येऊन पाहणारे कुणी होते, म्हणून तर ते ध्यानात आले.

आमच्या टेकडीवर यंदा पुन्हा रोपे लावायची आहेत. फाल्गुन ते ज्येष्ठ पाणी कोण घालणार, याची यादी मी आधीच सूचनाफलकावर लावली आहे. आजवर तीत चार नावे आली आहेत. त्यांपैकी एक माझे.