शिशूचा विकास कसा पाहावा?

प्राथमिक शाळेचा संबंध सहा वर्षांच्या मुलाशी. शिशूशी तिला काय कर्तव्य, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु पहिलीच्या वर्गात जे मूल मागे पडलेले दिसते, त्याच्या अडचणीचे मूळ कित्येकदा पाळण्यातील दिवसांत असते. ते वेळीच ओळखले गेले, तर उपाय सुलभ होतो. म्हणून शिशूच्या विकासाचे निरीक्षण कसे करावे, याचे सामान्य ज्ञान प्रत्येक ग्रामशिक्षकास असणे अगत्याचे आहे.

१. कोसबाडचा धडा

या बाबतीत पालघर जिल्ह्यास आदर्शासाठी दूर जावे लागत नाही. डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसून आल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना यातूनच रुजली. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात चालविली गेली. धाकटे भावंड सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी त्यामुळे शाळेत येऊ शकली. आणि तान्हे मूलही शिक्षिकेच्या दृष्टीखाली आले. शिक्षणाचा आरंभ पाटीपासून नव्हे, पाळण्यापासून होतो, हा कोसबाडचा धडा होय.

२. काय पाहावे

शिशूच्या विकासाची चार अंगे लक्षात ठेवावीत. पहिले अंग शरीराच्या हालचालींचे: मान सावरणे, पालथे पडणे, बसणे, उभे राहणे, चालणे. दुसरे हातांच्या कामाचे. पाच-सहा महिन्यांचे मूल वस्तू मुठीत धरते. नऊ-दहा महिन्यांचे मूल ताटातील भाताचे शीत अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत उचलू लागते. तिसरे अंग श्रवण व भाषेचे. आवाजाच्या दिशेस मान वळविणे, ‘बा-बा’, ‘दा-दा’ असे उच्चार करणे, आणि वर्षाच्या सुमारास एखादा अर्थपूर्ण शब्द बोलणे, हा त्याचा क्रम आहे. चौथे अंग माणसांशी असलेल्या संबंधाचे: दोन महिन्यांच्या सुमारास आईकडे पाहून हसणे, पुढे परका ओळखणे, हवी ती वस्तू बोटाने दाखविणे.

हा क्रम बहुधा सारखा असतो. गती मात्र प्रत्येक मुलाची निराळी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतील मुलांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत निरोगी मुले आधारावाचून बसू लागण्याचा काळ सुमारे ४ ते ९ महिने आणि स्वतंत्र चालू लागण्याचा काळ सुमारे ८ ते १८ महिने असा आढळला. शेकडा चार मुले तर न रांगताच चालू लागली. यास्तव शेजारच्या मुलाशी तुलना करून मातेस भयभीत करू नये. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे वय, पहिली दोन वर्षे, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

३. कसे पाहावे

मूल तृप्त, जागे व आईच्या मांडीवर असताना निरीक्षण करावे. वाटी, चमचा, खुळखुळा, रंगीत फडके एवढे साहित्य पुरते. चिंचोके, मणी असे बारीक पदार्थ शिशूच्या हाती कदापि देऊ नयेत. ते घशात अडकण्याचे भय असते.

भाषेच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. माणिकपूर व एकंदर वसईच्या परिसरात जुन्या घरांतून वाडवळी, सामवेदी अथवा कोळी बोली चालते. नंतर येऊन स्थायिक झालेल्या घरांतून गुजराती, हिंदी, कोकणी ऐकू येते. अशा घरातील शिशूस पुस्तकी मराठीत प्रश्न केला आणि तो गप्प राहिला, तर त्यावरून त्याच्या बुद्धीचा अंदाज करणे हा अन्याय होय. प्रश्न आईने, घरच्या बोलीत विचारावा. घरात दोन भाषा असतील, तर दोन्हींतील शब्द मिळून मोजावेत.

४. गरज कशी ठरवावी

निरीक्षणाचा हेतू मुलास ‘हुशार’ वा ‘मंद’ ठरविण्याचा नाही. पुढे काय करावे, हे कळण्यासाठी निरीक्षण करावयाचे असते. दीड वर्षाची दोन मुले बोलत नाहीत, असे समजा. एक मूल पाठीमागून हाक मारताच वळते, बोटाने वस्तू दाखविते. त्याच्याशी घरात अधिक बोलावे, गाणी म्हणावीत, आणि त्याकडे लक्ष ठेवून महिन्याभराने पुन्हा पाहावे. तोवर शब्द न आल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. दुसरे मूल हाकेस वळत नाही. त्याचे कान विनाविलंब तपासून घ्यावेत. वाणीच्या घडणीस पहिली वर्षे मोलाची असतात. ऐकू न येणारे मूल ‘उशिरा बोलेल’ म्हणून तसेच राहू दिले, तर ती वर्षे परत मिळत नाहीत.

पुढील लक्षणे आढळल्यास वाट पाहू नये: तीन महिने होऊनही न हसणे, पाच महिने होऊनही मान न सावरणे, नऊ महिने होऊनही आधारावाचून न बसणे, दीड वर्ष होऊनही न चालणे, आणि कोणत्याही वयात, आलेले कौशल्य नाहीसे होणे.

रोगनिदान हे शिक्षकाचे काम नव्हे. त्याने पालकांस धीर द्यावा, अंगणवाडी सेविकेस कळवावे व प्राथमिक आरोग्य केंद्राचा मार्ग दाखवावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष व विकासातील विलंब यांच्या तपासणीची योजना आहे. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे.

५. केंद्रसंमेलनात चर्चेसाठी

(अ) आपल्या शाळेतील मुलांच्या घरी कोणकोणत्या बोली बोलल्या जातात? त्यांची नोंद करा.

(आ) भावंडे सांभाळण्यामुळे कोणत्या मुलींची हजेरी कमी आहे? अंगणवाडीच्या साहाय्याने कोणती व्यवस्था करता येईल?

(इ) पहिलीतील एखाद्या मागे पडलेल्या मुलाच्या शिशुवयाची माहिती त्याच्या मातेकडून मिळवा. कान व डोळे यांची तपासणी पूर्वी झाली होती काय, हे प्रथम विचारा.